म्हातारीचा भोपळा व ख्रिस्ती माणसाचे सांत्वन



वाशीम जिल्ह्यातील इंझोरीच्या बाजूस प्रभूची सेवा करणारे एक उपदेशक बंधू आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांचे एक पत्र आमच्या हाती आले. पत्र लहान, पण त्यातील प्रश्न मोठा. तो प्रश्न केवळ त्यांचा नव्हे, ज्या ज्या घरी आजी आहे आणि नातवंडे आहेत अशा प्रत्येक ख्रिस्ती घराचा तो आहे, असे वाटल्यावरून त्याचे उत्तर येथे उघडपणे देत आहो.

हकीगत अशी. त्यांच्या ओळखीच्या एका घरचा कर्ता तरुण तापाने आजारी पडला व थोड्याच दिवसांत प्रभूकडे गेला. मागे म्हातारी आई, बायको व सहा वर्षांचा एक मुलगा. हा मुलगा रोज रात्री आजीच्या कुशीत निजे व रोज एकच गोष्ट मागे. ती गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. एक म्हातारी रान ओलांडून लेकीच्या घरी निघते. वाटेत वाघ भेटतो व खातो म्हणतो. म्हातारी त्यास म्हणते की आज माझ्या अंगावर मास नाही, लेकीच्या घरून चांगली भरून येते, मग खा. परतण्याची वेळ आली म्हणजे लेक एक मोठा भोपळा पोखरते, आईस त्यात बसविते व वाटेस लावते. भोपळा गडगडत रानातून येतो. वाघ आडवा होऊन म्हातारीविषयी विचारतो. आतून उत्तर मिळते की येथे म्हातारी कोणी नाही. भोपळा पुढे चालू लागतो.

मातीच्या दिवशी पेटीचे झाकण लावीत असता तो मुलगा आजीचा पदर ओढून म्हणाला, "आजी, बाबा भोपयात बसला का वं?" सारे लोक स्तब्ध झाले. आजीने डोळे पुसले व म्हटले, "हो रे राजा, बसला तुहा बाप. आता वाघाले काई तो सापडत नाई." मूल रडावयाचे थांबले.

उपदेशक लिहितात, "मी हाती प्रार्थनेचे पुस्तक घेऊन तेथे उभा होतो व काही बोललो नाही. आता माझे मन मला खाते. मी आजीस थांबवावयास पाहिजे होते काय? पहिले, ती गोष्ट खोटी आहे, आणि आजीबाईंच्या कहाण्या टाकून दे असे पौलाने तीमथ्यास लिहिले आहे. दुसरे, गोष्टीतली म्हातारी शब्द देऊन वाघास फसविते, म्हणजे ती लबाड आहे. तिसरे, पुनरुत्थानाची आशा ही आमच्या विश्वासाची सर्वांत पवित्र वस्तू, ती भोपळ्याशी कशी जोडावी? पण थांबविले असते तर त्या मुलास मी दुसरे काय देणार होतो, हेही मला कळत नाही."

ह्या बंधूंनी आपले मन उघडे केले ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहो. त्यांच्या तिन्ही शंका खऱ्या आहेत, आणि त्यांस तिघींस एकच उत्तर पुरणार नाही. म्हणून एकेकीचा विचार करू.

पहिली शंका : कल्पित गोष्ट ही लबाडी आहे काय?

तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात कहाण्यांचा निषेध आहे, ही गोष्ट खरी. पण तो निषेध कोणत्या कहाण्यांचा आहे हे पाहण्यासाठी चार ओळी मागे जावे लागते. तेथे पौल अशा शिक्षकांविषयी बोलत आहे की जे लग्नास मना करीत व अमुक अन्न खाऊ नका असे सांगत. पहिल्याच अध्यायात त्याने कहाण्या व न संपणाऱ्या वंशावळ्या ह्यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे ज्या कहाण्या देवाचे ज्ञान म्हणून विकल्या जात व ज्यांवर लोकांचे आचरण बांधले जाई, त्यांचा तो निषेध आहे. रात्री चुलीपाशी नातवास सांगितलेल्या गोष्टीचा नव्हे. आणि एक मौज पाहा. त्याच तीमथ्यास दुसरे पत्र लिहिताना तोच प्रेषित आरंभीच एका आजीची आठवण काढतो. तिचे नाव लोईस. तीमथ्याचा निष्कपट विश्वास पहिल्याने ह्या आजीच्या ठायी होता, असे तो म्हणतो. आजीबाईंच्या कहाण्या टाकावयास सांगणारा पौल आजीबाईस टाकावयास सांगत नाही.

आता शास्त्रात कल्पित गोष्ट आहे काय ते पाहू. शास्त्यांच्या पुस्तकाचा नववा अध्याय उघडा. योथाम गरिज्जीम डोंगराच्या शिखरावर उभा राहून शखेमच्या लोकांस सांगतो की एके वेळी झाडे आपणांवर राजा नेमावयास निघाली. ती जैतुनाकडे गेली, अंजिराकडे गेली, द्राक्षवेलीकडे गेली, आणि शेवटी काटेरी झुडुपाने राजपद पत्करले. झाडे चालत नाहीत व बोलत नाहीत, हे योथामास ठाऊक होते आणि ऐकणारांसही ठाऊक होते. म्हणूनच कोणी फसले नाही, आणि जे कळावयाचे ते सर्वांस कळले. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. दावीद रागावला, आणि त्या रागातच त्याचे स्वतःचे पाप त्याच्यापुढे उभे राहिले. उघड दोषारोपाने जे झाले नसते ते एका गोष्टीने केले. आणि आपला प्रभू तर दाखल्यांवाचून लोकांशी क्वचितच बोले.

हिप्पो नगरीचा बिशप आगुस्तीन ह्याने इसवी सन ४२० च्या सुमारास असत्याच्या विरुद्ध एक ग्रंथ लिहिला. कोणत्याही कारणासाठी, धर्माच्या कामासाठीसुद्धा, खोटे बोलणे योग्य नाही असे त्याचे कडक मत होते. लबाडीविषयी इतका कठोर मनुष्य पुढे काय म्हणतो? मुकी जनावरे बोलतात अशा गोष्टी लबाडी नव्हेत, कारण त्या रचलेल्या असल्या तरी त्यांचा रोख खऱ्या अर्थाकडे असतो. त्याच ठिकाणी तो योथामाच्या झाडांचे उदाहरण देतो. ह्यावरून भेद स्पष्ट होतो. लबाड मनुष्य आपणांस खोटे खरे म्हणून मानावयास लावितो. गोष्ट सांगणारा आपणांस खेळावयास बोलावितो, आणि खेळ आहे हे दोघांसही ठाऊक असते.

आमच्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांस तर ह्या बाबतीत फार भिण्याचे कारण नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी व त्यांचे सोबती ह्यांनी छापखाना चालविला. तेथून १८०५ साली मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत निघाले, आणि त्याच ठिकाणाहून १८१४ साली सिंहासन बत्तिशीही मराठीत निघाली. तिच्यात तर पुतळ्या बोलतात! जॉन बन्यन ह्याने तुरुंगवास भोगला. यात्रेकरूच्या स्वप्नाचे त्याचे पुस्तक १६७८ साली छापले. छापावे की नाही ह्याविषयी त्याच्या मित्रांतच दोन मते होती, हे त्याने पुस्तकाच्या आरंभी स्वतःच सांगितले आहे. ज्यांनी नको म्हटले त्यांचे त्याने ऐकले असते तर १८४१ साली हरि केशवजी ह्यांच्या हातून यात्रिकक्रमण मराठीत आले नसते, आणि आमच्या वडील पिढ्यांस निराशेच्या चिखलातून वाट काढणारा तो यात्रेकरू भेटला नसता.

तेव्हा पहिल्या शंकेचे उत्तर असे की, गोष्ट कल्पित आहे एवढ्यावरून ती लबाडी ठरत नाही. मात्र एक अट आहे, आणि ती पुढे सांगू.

दुसरी शंका : म्हातारीचे कपट

ह्या शंकेस आम्ही फाटा देणार नाही. म्हातारीने वाघास शब्द दिला व तो पाळावयाचा तिचा विचार नव्हता. मिसरातील इब्री सुइणींनी फारोस दिलेले उत्तर येथे कोणी पुढे करील. देवाने त्या सुइणींचे बरे केले हे निर्गमच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे, पण त्यांनी देवाचे भय धरून बालके वाचविली म्हणून त्यांचे बरे झाले. फसवणूक हा धडा म्हणून तेथे दिलेला नाही. म्हणून म्हातारीस आम्ही साध्वी म्हणून उभी करीत नाही.

तथापि मूल त्या गोष्टीतून काय घेते, हे पाहिले पाहिजे. ज्यांनी लहान मुलांस ही गोष्ट सांगितली आहे त्यांस ठाऊक असेल की, म्हातारी वाघास शब्द देते तेव्हा मूल गंभीर असते. लेक भोपळा पोखरू लागते तेव्हा ते उठून बसते. आणि भोपळा रानात गडगडू लागला म्हणजे ते हसते व टाळ्या पिटते. त्याचा आनंद कपटाचा नाही. अंगात बळ नसलेले एक म्हातारे माणूस मोठ्या वाघापुढून सुखरूप जाते, ह्याचा तो आनंद आहे. मूलही दुबळेच असते, आणि त्याचेही वाघ असतात. काळोख, विंचू, मोठ्या माणसांची भांडणे, घरात आलेला आजार. आपण इतके लहान असताना ह्यांतून पार कसे पडणार, ही त्याची काळजी असते. गोष्ट त्यास सांगते की पार पडता येते, आणि तेही स्वतःच्या पायांनी नव्हे, तर प्रेम करणाऱ्याने तयार केलेल्या आसऱ्यात बसून.

आता आपण जुन्या करारात पाहिले तर ही खूण ओळखीची वाटेल. नोहाने जलप्रलयात स्वतः पोहून जीव वाचविला नाही, त्यास तारवात कोंडले गेले. मोशेच्या आईने लव्हाळ्याची पेटी केली, तिला डांबर व राळ लावली व तान्हे मूल तीत ठेवून नदीच्या काठी सोडले. इब्री भाषेत नोहाच्या तारवास व मोशेच्या पेटीस एकच शब्द आहे, आणि तो शब्द शास्त्रात ह्या दोन ठिकाणांवाचून दुसऱ्या वस्तूस लाविलेला नाही. त्या पेटीस सुकाणू नव्हते व तारवासही नव्हते. आत बसलेल्यास वाट दिसत नाही, वल्हे मारता येत नाही, फक्त वाहून नेणारावर भरवसा ठेवता येतो. इंझोरीच्या त्या आजीने हा अभ्यास केला नसेल. पण पेटी, आत निजलेला आपला मुलगा, आणि वाट न दिसणारा प्रवास ह्यांचा मेळ तिच्या मनाने एका क्षणात घातला. तो मेळ अगदीच खोटा होता असे आम्ही म्हणू शकत नाही.

तिसरी शंका : पवित्र आशा व भोपळा

येथे मात्र उपदेशक बंधूंच्या मनातील भीतीस मान दिला पाहिजे. गोष्ट जेथवर नेते तेथवरच जावे. त्यापुढे ती नेऊ शकत नाही, आणि तिला ओढून नेल्यास हानी होते. ही गोष्ट दोन ठिकाणी अपुरी पडते.

एक तर असे की, गोष्टीत म्हातारी आपल्या घरी परत येते. बाबा भोपळ्यात बसला एवढेच मुलास सांगून ठेविले, तर ते उद्या ओसरीवर बसून भोपळ्याची वाट पाहील. आज पुसलेले अश्रू उद्या दुप्पट होऊन वाहतील. दाविदाचे मूल वारले तेव्हा तो काय म्हणाला ते आठवा. मी त्याच्याकडे जाईन, पण ते माझ्याकडे परत येणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. आणि हे कोठे लिहिले आहे? नाथानाने मेंढीची गोष्ट सांगितली त्याच अध्यायात. एकाच पानावर कल्पित दाखला आहे आणि कठीण सत्यही आहे. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

दुसरे उणे ह्याहून मोठे आहे. गोष्टीत वाघास कोणी जिंकीत नाही, त्यास केवळ चुकविले जाते. भोपळ्यातून उत्तर येते की म्हातारी येथे नाही. हे उत्तर ऐकून आपणांस कोणाची आठवण होते? मुख्य याजकाच्या अंगणात शेकत बसलेल्या पेत्राची. एका दासीने विचारले तेव्हा त्याने म्हटले की त्या मनुष्यास मी ओळखत नाही. भ्यालेला मनुष्य वाघापुढे असेच बोलतो, आणि आपणांपैकी कोणीही त्यास धोंडा मारू नये. पण त्याच रात्री, त्याच्या थोडेसे आधी, बागेत दुसरे एक उत्तर दिले गेले होते. लोक दिवट्या व हत्यारे घेऊन आले असता प्रभू स्वतः पुढे झाला व कोणाला शोधता असे त्याने विचारले. त्यांनी नाव सांगताच, तो मीच आहे, असे त्याने म्हटले. आणि योहान पुढे सांगतो की, मला शोधीत असाल तर ह्यांस जाऊ द्या, असेही त्याने आपल्या शिष्यांविषयी सांगितले.

बंधूंनो, आमच्या विश्वासाचे मर्म येथे आहे. त्या तरुणाच्या पेटीपुढे वाघ उभा नाही ह्याचे कारण वाघ फसला हे नव्हे. त्याचे कारण, दुसरा एक त्याच्यापुढे गेला व म्हणाला की मला घे आणि ह्यांस जाऊ दे. वाघाने त्यास घेतले. फसवाफसवी काही झाली नाही, खिळे खरे होते व कबरही खरी होती. पण ज्यास घेतले त्यास धरून ठेवणे मरणाला शक्य झाले नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय हेच शिकवितो की, तो मरणात शिरून मरणावर सत्ता असणाऱ्यास निष्फळ करावयास आला, आणि जन्मभर मरणाच्या भयाने दास झालेल्यांस सोडवावयास आला. भोपळा वाघापासून लपवितो. ख्रिस्त वाघाचे दात पाडतो.

ह्याच ठिकाणी दूर देशातील एक हकीगत सांगण्यासारखी आहे. सी. एस. लुइस हे इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे अध्यापक होते. १९०८ साली ते नऊ वर्षांचे असता त्यांची आई वारली. ती बरी व्हावी म्हणून त्यांनी प्रार्थना केली होती. पुढे त्यांचा विश्वास गेला व पुष्कळ वर्षे ते नास्तिक राहिले. जुन्या दंतकथांवर मात्र त्यांचे प्रेम होते. देव मरतो व पुन्हा उठतो अशा कथा त्यांस मोहून टाकीत, पण त्या खऱ्या नव्हेत म्हणून ते मागे सरत. १९३१ सालच्या सप्टेंबरात एका रात्री दोन ख्रिस्ती मित्रांशी त्यांचे पुष्कळ वेळ बोलणे झाले. पुढे थोड्याच दिवसांत त्यांची खातरी झाली की ख्रिस्ताची कथा ही त्यांच्या आवडत्या कथांप्रमाणेच मन हलविणारी आहे, परंतु भेद एवढा की ही खरोखर घडलेली आहे. पेत्राने आपल्या दुसऱ्या पत्रात चातुर्याने रचलेल्या कहाण्या व डोळ्यांनी पाहिलेले वैभव ह्यांत जो भेद केला आहे, तोच हा भेद.

मग त्याच लुइससाहेबांनी १९५० ते १९५६ ह्या वर्षांत मुलांसाठी सात पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांत एक बोलणारा सिंह आहे. एक मुलगा मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांचा घात करितो व मरणास पात्र होतो, तेव्हा तो सिंह त्याच्या जागी मरतो व पुन्हा उठतो. दुसऱ्या एका पुस्तकात आजारी आईच्या काळजीने व्याकूळ झालेला मुलगा वर पाहतो, तो सिंहाच्या डोळ्यांत त्याच्या स्वतःच्या अश्रूंहून मोठे अश्रू असतात. नऊ वर्षांच्या पोरक्या मुलास जे सांत्वन हवे होते ते पन्नाशीच्या पलीकडे गेलेल्या माणसाने लिहिले. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला हे ज्याने वाचले आहे त्यास ते अश्रू कोणाचे हे सांगावे लागत नाही.

१९५५ साली अमेरिकेतील एका आईने त्यांस पत्र लिहिले. तिचा नऊ वर्षांचा मुलगा भिऊन गेला होता. येशूपेक्षा त्या सिंहावर आपले प्रेम अधिक आहे व हे मूर्तिपूजेचे पाप तर नव्हे, असे त्याच्या मनाने घेतले होते. लुइस ह्यांनी लवकरच उत्तर पाठविले. त्याचे तात्पर्य असे होते की, सिंहाच्या ज्या कृतींमुळे व ज्या बोलण्यामुळे त्यावर मुलाचे प्रेम बसले आहे, त्या सर्व गोष्टी येशूने खरोखर केल्या व बोलल्या आहेत. म्हणून सिंहावर प्रेम करीत आहे असे वाटत असता तो मुलगा वास्तविक येशूवरच प्रेम करीत आहे. आणि सिंहाचे रूप, त्याचे अंग, ह्यांकडे मूल ओढले जाते ह्यात देवास राग येण्यासारखे काही नाही, कारण मुलाचे मन कसे घडले आहे हे देवास ठाऊक आहे.

हे उत्तर आमच्या वऱ्हाडातील खेड्यास लागू पडते काय? काही अंशी पडते व काही अंशी पडत नाही. तो सिंह ख्रिस्ताकडे बोट दाखवावा म्हणूनच रचलेला होता. आमचा भोपळा कोणी ख्रिस्ती मनुष्याने रचलेला नाही. तो घरोघरीच्या आज्यांचा आहे, हिंदूंचा, मुसलमानांचा, आमचा, सर्वांचा. म्हणून भोपळा म्हणजे ख्रिस्त, लेक म्हणजे मंडळी व रान म्हणजे जग असा कोष्टकवार अर्थ लावीत बसू नये. तसे केल्याने गोष्टीचेही वाटोळे होते व शास्त्राचेही. पण ज्या देवाने मुलाचे मन घडविले त्यानेच आजीच्या मनातही मुलास धीर देण्याची इच्छा घातली आहे. त्या इच्छेतून आलेली गोष्ट मुलास दारापर्यंत आणू शकते. दार उघडणारा दुसरा आहे.

आता अट सांगतो. गोष्टीने धीर दिला तर तिचे आभार मानावे, पण तिथेच मुक्काम करू नये. गोष्ट सांगणाराने तीन गोष्टी सांभाळाव्या. मुलाने हे खरेच घडले काय असे विचारले तर सरळ उत्तर द्यावे, गोष्ट टिकविण्यासाठी खोटे बोलू नये. गोष्ट जेथे अपुरी पडते ती जागा झाकू नये, योग्य वेळी दाखवावी. आणि जे खरे घडले ते, म्हणजे प्रभूचे मरण व उठणे, गोष्टीइतक्याच प्रेमाने व गोष्टीइतक्याच वेळा सांगावे. पुष्कळ घरी असे होते की, भोपळ्याची गोष्ट आजी कुशीत घेऊन सांगते, आणि शुभवर्तमान मात्र आपण उपदेशक लोक दरडावून सांगतो. मग मूल कोणत्या गोष्टीकडे धावेल? दोष गोष्टीचा आहे की आमचा?

म्हणून उपदेशक बंधूंस आमचे उत्तर असे. आपण त्या दिवशी आजीस थांबविले नाही हे बरे केले. ज्या क्षणी मुलाचे हृदय फाटत असते तो क्षण व्याख्यानाचा नव्हे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसून होते तोवर त्यांचे चांगले चालले होते, बोलू लागले तेव्हा बिघडले. आजीने पोटच्या मुलाच्या पेटीपुढे उभे राहून नातवास जे होते ते दिले. पण त्यानंतर आपण गप्प राहिलात तर मात्र चुकाल. तिने आरंभ केला, पुरे करणे आपल्याकडे आहे. त्या मुलास कबरस्तानात घेऊन जा. बाबा परत येणार नाही हे त्यास सांगा. आणि वाघाचे पुढे काय झाले ते सांगा, कारण ते आजीच्या गोष्टीत नाही.

असे आम्ही त्यांस कळविले. पावसाळा उलटून कापूस फुटू लागल्यावर त्यांचे दुसरे पत्र आले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले होते. आजीही बरोबर गेली होती. कबरेवरचे गवत काढीत त्यांनी मुलास बागेतील त्या रात्रीची हकीगत सांगितली, मग वधस्तंभाची, मग तिसऱ्या दिवसाच्या पहाटेची. मुलाने सर्व ऐकून घेतले. परतताना त्याने आजीचा हात धरला व म्हटले, "बाबा घरी येत नाई हे मले मालूम हाये. पन तो वाघापाशी बी नाई." उपदेशक लिहितात की मृत्यू व पुनरुत्थान ह्यांवर आपण पुष्कळ उपदेश केले, पण हा विषय इतक्या थोड्या शब्दांत आपणांस कधी मांडता आला नव्हता.

ज्या घरी ह्या वर्षी कोणाची जागा रिकामी झाली आहे त्या प्रत्येक घरास, जो वाघापुढे स्वतः उभा राहिला त्याची शांती प्राप्त होवो. आमेन.